आभाळातून पडलेलं जातं



तुम्ही हे पान कुठे बसून वाचताय, मला माहीत नाही. दिंडीत दुपारच्या विसाव्याला झाडाखाली असाल, एसटीत खिडकीशी असाल, नाहीतर घरी देवापुढे दिवा लावून बसला असाल. पण एक गोष्ट मी खात्रीने सांगतो. आज सकाळपासून तुमच्या पोटात काही ना काही गेलेलं आहे. एकादशी असली तरी साबुदाणा गेलेला आहे, वर शेंगदाण्याचा लाडू गेलेला आहे. आपल्यात म्हणच आहे ना, एकादशी आणि दुप्पट खाशी! हसा, हसा. मीही त्यातलाच आहे.

आज आख्यान लावलंय ते ज्यांची एकादशी पाच महिने सुटली नाही अशा माणसांचं. त्यांनी ती धरलीही नव्हती, बरं का. ती त्यांच्यावर येऊन पडली होती. देवाचं किंवा संतांचं चरित्र यात नाही. आपल्याच साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या मुलखातल्या शिपायांचं हे आख्यान आहे. कीर्तनात शिपाई कशाला, असं काहींना वाटेल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

पण आधी पूर्वरंग. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरू देशात पिकांचा नाश झाला. कोणी म्हणतात गारा पडल्या, कोणी म्हणतात टोळधाड आली. काही का असेना, दुष्काळ पडला. उषस्ती विद्वान ब्राह्मण, यज्ञातलं मर्म जाणणारा. तो आपल्या लहान वयाच्या बायकोला घेऊन गाव सोडून निघाला आणि हत्ती पाळणाऱ्यांच्या एका वस्तीत येऊन राहिला. तिथला एक माहूत हलक्या प्रतीचे उडीद खात बसला होता. उषस्ती त्याला म्हणाला, मला दे. माहूत म्हणाला, महाराज, एवढेच आहेत आणि तेही माझे उष्टे. उषस्ती म्हणाला, त्यातलेच दे. त्याने दिले, याने खाल्ले. मग माहुताने पाणी पुढे केलं तर हा म्हणतो, नको, उष्टं पाणी मी पीत नाही. माहुताला हसू आलं असेल. उडीद उष्टे नव्हते का? तेव्हा उषस्तीने उत्तर दिलं, त्याचा भाव असा: ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळतं.

केवढी बारीक रेघ आहे बघा. जीव वाचवण्यापुरती सूट आणि त्याच्या पुढे एक घोटही नाही.

या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. उरलेले उडीद त्याने बायकोसाठी आणले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती. तिने ते टाकले नाहीत, झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच शिळे, उष्टे उडीद खाऊन उषस्ती राजाच्या यज्ञाला गेला. म्हणजे त्या विद्वानाचा दुसरा दिवस निघाला तो बायकोने झाकून ठेवलेल्या मुठीवर. ही मूठ लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता उत्तररंग.

१९१४ साली युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. आपल्याकडे इंग्रजांचं राज्य, म्हणून लढाई आपलीही झाली. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं आणि इंग्रजांना इराणच्या आखातावरच्या तेलाची काळजी लागली. मग हिंदुस्थानातून जी फौज बसऱ्याला गेली तिचं नावच होतं सहावी पुणे डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतलं. आपल्या मुलखातल्या किती घरांत 'आमचा बसऱ्याला गेला' असं बोललं गेलं असेल! तैग्रिस, युफ्रेटिस ही नावं कोणाच्या तोंडात बसणार? बसरा बसलं.

शिपायाचा पगार महिना ११ रुपये. दुष्काळी गावात तेही पुष्कळ. कोणी म्हणेल, परक्या सरकारसाठी, ११ रुपयांसाठी मरायला गेले, त्यांचं काय कौतुक? मी कौतुक करायला बसलेलोच नाही. पण ज्याच्या शेताला पाणी नाही आणि डोक्यावर सावकार बसलाय त्याने फौजेत नाव का घातलं, हे विचारण्याआधी आपल्या आज्या-पणज्यांच्या चुली आठवाव्यात.

वर्षभर फौज नदीच्या काठाकाठाने वर सरकत राहिली. सेनापती होते जनरल टाउनशेंड. डोळ्यांपुढे बगदाद. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी लढाई झाली. तिथे जुन्या इराणी राजांच्या वाड्याची प्रचंड कमान वाळवंटात एकटी उभी आहे, अजूनही आहे. त्या कमानीच्या साक्षीने इंग्रज फौजेची चार हजारांहून जास्त माणसं पडली किंवा जखमी झाली. मागे फिरावं लागलं. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांत घालून आणलं. मोडलेलं हाड आणि खडबडीत वाळवंट! आपण बैलगाडीत बसून यात्रेला गेलेली माणसं. गाडीत खाली पेंढा नसला तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. इथे पेंढाही नव्हता.

आणि मृगजळ. आम्ही कीर्तनकार मंडळी आयुष्यभर मृगजळाचा दृष्टांत देतो. माया म्हणजे मृगजळ, प्रपंच म्हणजे मृगजळ. आमच्यातल्या किती जणांनी ते पाहिलंय? या शिपायांनी रोज पाहिलं. समोर पाणी दिसायचं, त्यात झाडं उलटी दिसायची, शत्रूचे घोडेस्वार आहेत की मेंढरांचा कळप आहे हे कळायचं नाही.

३ डिसेंबर १९१५ ला थकलेली फौज कूत-अल-अमारा नावाच्या गावात शिरली. तैग्रिस नदी तिथे घोड्याच्या नालासारखी वळते आणि त्या वळणाच्या पोटात गाव आहे. तीन बाजूंना पाणी. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण तिला चंद्रभागा म्हणतो. कूतच्या वळणावर उभं राहून एखाद्या माळकरी शिपायाला ती चंद्रभागा आठवली नसेल, असं मला तरी वाटत नाही. लिहून कोणी ठेवलेलं नाही, हे माझं वाटणं आहे. चौथ्या बाजूला तुर्की फौजेने खंदक खणले आणि चार-पाच दिवसांत गाव आवळलं. २९ एप्रिल १९१६ पर्यंत ते सुटलं नाही. इतिहासाच्या पुस्तकांत या वेढ्याचे १४७ दिवस धरतात.

आत आपल्या तीन मराठा पलटणी होत्या: १०३ नंबरची, ११० नंबरची आणि ११७ नंबरची. आता या पलटणींत नुसते मराठेच होते असं समजू नका. दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही होत्या. बाहेर राजपूत, पंजाबी, गुरखे, गोरे, वर खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे भिस्ती, डोलीवाले, स्वयंपाकी. आणि गावातले सहा हजारांच्या आसपास अरब लोक, बायकापोरांसकट. त्यांना तर कोणी विचारलंच नव्हतं.

१०३ नंबरची पलटण गावाच्या टोकाच्या मातीच्या गढीत होती. नाताळच्या आदल्या रात्री तुर्कांनी तोफांनी गढीची भिंत पाडली आणि आत घुसले. रात्रभर हातघाई झाली. गढी राहिली. लढाईच्या गोष्टी सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही, आणि तुम्हाला त्या आवडतात हेही मला ठाऊक आहे. पण त्या रात्रीपेक्षा मला नंतरचे चार महिने मोठे वाटतात. तलवार उचलायला एक क्षण लागतो हो. खंदकात रोज सकाळी उठायला काय लागतं?

११० नंबरची पलटण तर नदीच्या पलीकडच्या काठावर होती. तिकडे लोकर दाबून गठ्ठे बांधायचा एक कारखाना होता, त्याच्याभोवती चार घरं. तिथे ती आणि आणखी एक हिंदुस्थानी पलटण, अशा दोनच. गावाशी येणं-जाणं होडीतून. मार्चमध्ये वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून तैग्रिसला पूर आला तेव्हा भोवती पाणीच पाणी झालं. वेढ्यात अडकलेल्या गावाच्या बाहेर, पुरात अडकलेलं बेट. परदेशात परदेश!

रोजचा दिवस कसा जायचा? जानेवारीत पाऊस आणि थंडी. तिकडची माती बोटभर पावसातही लोण्यासारखी होते, बूट धरून ठेवते. खंदकात पाणी, अंगावर ओलं कांबळं, कांबळ्यात उवा. एप्रिल लागला की उन्हाचा भडका आणि माश्या. जळण नाही म्हणून घरांची लाकडं उपसून जाळली. नदी समोर वाहतेय, पण पाणी आणायला काठावर उतरलं की पलीकडून नेम धरलेला असायचा. भिस्ती पखाल घेऊन उतरायचा. कधी पखाल भरून यायची, कधी पखालीला भोक पडायचं, कधी भिस्त्यालाच. तुर्कांवर गोळी झाडणाऱ्याला बिल्ला मिळाला. पाणी आणणाऱ्याचं नाव कोणाला माहीत आहे? आपल्या वारीत पाण्याचा टँकर घेऊन पुढे जाणाऱ्या पोराचं नाव तरी आपण कधी विचारतो का?

दवाखाना म्हणाल तर गावाचा झाकलेला बाजार. दुकानांच्या ओट्यांवर माणसं निजवलेली.

आणि भूक. सुरुवातीला वाटलं, महिना-दोन महिन्यांत बाहेरून कुमक येईल. जानेवारीत गावातली घरं धुंडाळली, तेव्हा लपवलेलं धान्य सापडलं. जास्त करून जव. जव सापडले, पण ते दळायचे कशात? एवढ्या हजार माणसांचं पीठ काढायला जात्यांचे दगड पुरेनात. मग काय झालं असेल? इंग्रजांची विमानं तेव्हा नवी होती, कापडाची आणि लाकडी पट्ट्यांची. त्या विमानांतून जात्याचे दगड आणले आणि वेढ्यावरून वरून खाली टाकले.

आभाळातून जातं पडलं!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आपल्या जनाबाईच्या जात्याला हात लावायला पंढरीचा राणा आला, ही कथा तुम्ही-आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिथे देव आला आणि दळू लागला. इथे दगड आला. दळायला मात्र ज्याचे त्याचे हात, आणि त्या हातांत जोर राहिला नव्हता. आख्यान पुढे रेटायला मीही कधी कधी देवाला घाईने बोलावतो, पण इथे बोलावणार नाही. कूतमध्ये देव आला होता का, हे तिथे होते त्यांनी सांगावं.

जात्याचा आवाज ऐकून आपल्याकडच्या माणसाला काय आठवत असेल? पहाट. आई. बायको. अंधारात घरघर सुरू झालेली, आणि त्या घरघरीवर ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुढे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विठ्ठल, भाऊ, आई, लेक, सासर, सगळं त्यात आहे. बाईने जन्मभर मनातलं जात्याला सांगितलं. शिपायाने कोणाला सांगावं? गावाकडची पत्रं जवळजवळ बंद झालेली. बिनतारी संदेशाचं यंत्र होतं, पण ते फौजेच्या कामाचं. सेनापतींनी मात्र त्या यंत्रावरून वरिष्ठांकडे आपल्या बढतीचीही विचारणा केली होती, असं इतिहासकार लिहितात. सातारच्या पोराला 'आई, मी जिवंत आहे' एवढे चार शब्द पाठवायची सोय नव्हती.

आता येतो मूळ गाठीवर. उषस्तीची गोष्ट ज्यासाठी लावली ती गाठ.

धान्य संपत आलं तसे जानेवारीच्या अखेरीपासून घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. त्या जनावरांनाही चारा नव्हताच. भुकेने ती एकमेकांची शेपटं चावत होती. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांतल्या बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला. डाळ संपली, तूप संपलं, भाजी नाही, मांस नाही. हिरड्या सुजून काळ्या पडायला लागल्या, दात हलायला लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. याला स्कर्व्ही म्हणतात. मग माणसं खंदकाच्या कडेचं गवत, रानपाला खुडून शिजवून खायला लागली. त्यात विषारी पालाही असायचा. एक इंग्रज ब्रिगेडियर तसला पाला पोटात जाऊन मेला, मग शिपायांची काय कथा. रोजचं पीठ उतरत उतरत शेवटी चार औंसांवर आलं. आपल्या मापाने सव्वाशे ग्रॅमही नाही. त्याच्या दोन बारक्या भाकरी होतील, तीनसुद्धा नाही.

सरकारने हिंदुस्थानात पंडितांना आणि मौलवींना विचारलं. त्यांनी सांगितलं, जीव वाचवण्यासाठी खायला हरकत नाही. तो निरोप बिनतारीवरून कूतला आला आणि पलटणींना वाचून दाखवला गेला. शास्त्राची परवानगी आली. तरी हजारो जणांनी हात लावला नाही.

का? आजच्या शिकलेल्या माणसाला यात नुसता अडाणीपणा दिसतो. दुसऱ्या टोकाला कोणी टाळ्या वाजवतो, वा वा, धर्मासाठी प्राण दिले! मला दोन्ही पटत नाही. त्या शिपायाची भीती शास्त्राची नव्हतीच मुळी. भीती गावाची होती. परत गेलो आणि कोणी म्हणालं, याने घोडा खाल्ला, तर पंगतीला कोण बसवणार? माझ्या मुलीशी लग्न कोण करणार? पंडिताची तार गावातल्या पारावर कोण वाचून दाखवणार? तो मरणाला भ्यायला नाही, तो परत जाण्याला भ्याला. आणि परत जायचं होतं म्हणूनच भ्याला, हे लक्षात घ्या. ज्याला परतायचं नसतं तो काहीही खातो. ज्याच्या डोळ्यांपुढे घराचा उंबरा असतो तोच विचार करतो, की या तोंडाने तो उंबरा ओलांडता येईल का.

उषस्तीला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याची बायको त्याच्याबरोबर होती. तिने विचारलं नाही की हे कोणाचं उष्टं. झाकून ठेवलं. कूतमधल्या शिपायाला तसं कोणी सांगणारं हवं होतं. घरचं माणूस. पंडित नको, जनरल नको. त्याची आई वेशीवर येऊन म्हणाली असती, 'अरे खा रे बाबा, आणि ये', तर त्याच क्षणी त्याने खाल्लं असतं. ज्या गावासाठी तो उपाशी राहिला, त्या गावाने त्याला 'खा' म्हटलं नाही. म्हणता आलं नाही, गावाला ठाऊकच नव्हतं. पण ठाऊक असतं तर म्हटलं असतं का? हा प्रश्न मी ज्या ज्या गावात हे आख्यान लावलं तिथे विचारलाय. मंडप गप्प होतो.

गुरख्यांनी तुलनेने लवकर खाल्लं. एप्रिलमध्ये सेनापतींनी धमकी दिली, की जे अंमलदार खाणार नाहीत त्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती देईन. एप्रिलच्या मध्याला हजारो जण खायला लागले. पण तोवर शरीरं पोखरली गेली होती. त्याच पंधरवड्याच्या आगेमागे आपल्याकडे गुढीपाडवा झाला, रामनवमी झाली, चैत्री एकादशीला पंढरपूर भरलं. शिंगणापूरच्या डोंगरावर कावडी चढल्या. इकडे हजारो लोक हौसेने उपास करत होते आणि तिकडे...

बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेने जानेवारी ते एप्रिल चार महिने धडका मारल्या. शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयात अशी ठिकाणांची नावं आहेत. आतल्या तेरा हजारांना सोडवताना बाहेरचे तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. एप्रिलच्या मध्यापासून विमानांनी पिशव्यांतून अन्न टाकलं. जगात वेढ्यातल्या फौजेला आभाळातून अन्न टाकायचा हा पहिला प्रयत्न म्हणतात. काही पिशव्या नदीत पडल्या, काही तुर्कांच्या खंदकात. शेवटी २४ एप्रिलच्या रात्री अन्न भरलेली एक आगबोट अंधारात वर निघाली. तुर्कांनी नदीत आडवी तार टाकली होती. बोट अडकली, काठाला लागली, अन्नासकट शत्रूच्या हातात गेली. कूतमध्ये तोफा ऐकू आल्या. आणि मग तोफा थांबल्या.

२९ एप्रिलला निशाण उतरलं. हजारावर आजारी आणि जखमी अदलाबदलीत सुटले, बसऱ्याला गेले. बाकीचे कैदी. तुर्कांनी त्यांना कडक बिस्किटं दिली. उपाशी पोटी ती खाऊन पहिल्या काही दिवसांतच कितीतरी जण पोट बिघडून मेले. भुकेलेल्याला एकदम अन्न दिलं की ते विष होतं. आपल्याकडे लंघनानंतर आधी पेज देतात, ती का, ते कळलं ना? मग बगदादपर्यंत शंभर मैल चाल, पुढे मोसुल, पुढे रास-अल-ऐन. तिथे रेल्वेचा रस्ता बांधायला लावलं. टायफस, उन्हाळा, फाटके बूट. अधिकारी वेगळे नेले. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या प्रिंकिपो बेटावर एका छान घरात राहिले. त्यांचा स्पॉट नावाचा कुत्रा होता. तुर्की सेनापतीने मोठ्या मनाने तो कुत्रा इंग्रजांकडे परत पाठवला, तो सुखरूप घरी पोचला.

मला कुत्र्याचा राग नाही. श्वानाच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवरायांची आपण लेकरं. पण घरी पोचलेल्यांची यादी करताना त्या कुत्र्याचं नाव आपल्याला माहीत आहे आणि शिपायांची नाहीत, एवढंच म्हणतो. आणि त्या अरब गावकऱ्यांतल्या कित्येकांना तुर्कांनी इंग्रजांना मदत केल्याबद्दल फाशी दिलं, तेही या यादीत धरा.

बंगाली माणसांनी मात्र लिहून ठेवलं. शिशिर सर्वाधिकारी नावाचा तरुण रुग्णसेवा पथकात होता. त्याने कैदेत टिपणं काढली, ती फाडून तुकडे बुटात लपवून नेली, आणि १९५७ साली त्याचं 'अभि ले बगदाद' हे पुस्तक निघालं. दुसरे डॉक्टर कल्याण मुखर्जी. ते आईला पत्रं लिहीत. १९१७ साली कैदेतच गेले. मग त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, म्हातारपणी ती पत्रं पुढ्यात घेऊन नातवाचं चरित्र लिहिलं, 'कल्याण-प्रदीप'. आजीने नातवाचं चरित्र लिहावं! उलटं व्हायला हवं होतं हो.

आपल्या शिपायांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. ११७ नंबरच्या पलटणीला लढाईनंतर 'रॉयल' हा किताब मिळाला. गावोगावी इंग्रजांनी दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतके महायुद्धाला गेले, इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याकडे, कोकणात, तुम्ही देवळाच्या, चावडीच्या भिंतीत पाहिल्या असतील. त्यांच्यावर आकडा असतो. नाव नसतं. इतके गेले, इतके मेले. पुढच्या वेळी दिसली तर थांबा जरा. बुक्का असेल खिशात तर लावा.

अशाच एका गावात सप्ताहात हे आख्यान लावलं होतं. संपल्यावर प्रसादाच्या रांगेतून एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "बुवा, उद्या न्याहारीला आमच्याकडं या."

गेलो. ओसरीवर बसवलं, भाकरी, पिठलं, ताक. मग म्हणाली, "आमचे आजेसासरे बसऱ्यास्नी गेलेले. परत आले न्हाईत. सरकारचा कागद आला, मेले म्हणून न्हाई, सापडले न्हाईत म्हणून. माझी आजेसासू रोज दळताना पहिली मूठ बाजूला काढायची. त्यांच्या वाटची. मडक्यात टाकायची. आठवडा झाला की वारकऱ्याला न्हाईतर गोसाव्याला घालायची."

मी विचारलं, "आजी, किती वर्षं?"

"मी लग्न हून आले तवा बी काढत होती. मला सांगितलं, मी गेल्यावर तू काढ."

"मग तुम्ही?"

"काढली की. गिरणी येईस्तोवर काढली. गिरणीत मूठ कुठली काढणार? तिथं डब्बा देतो आपुन."

पडवीच्या कोपऱ्यात जातं होतं. खुंटा गेलेला, वरच्या तळीवर तुळशीची कुंडी ठेवलेली. म्हातारीने मला दाखवायला कुंडी बाजूला केली, पदराने दगड पुसला. मग पुन्हा कुंडी ठेवली आणि म्हणाली, "बुवा, तिकडं घोडा खाल्ला असंल का हो त्यांनी?"

मी म्हटलं, "आजी, मला नाही माहीत."

ती म्हणाली, "खाल्ला असला तर बरं हुईल," आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.